सलूनच्या खुर्चीची डावी कूस

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्या मांडीवर बसून रडले असतील. माझ्या नाही, तर माझ्या एखाद्या बहिणीच्या. गळ्याभोवती पांढरं कापड, समोर मोठा आरसा, कानाशी कात्रीची कचकच आणि मागून "मान हलवू नकोस हं" असं दटावणारे बाबा. आठवलं? मी तीच, केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची. माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे, गादी खऱ्या चामड्याची आहे आणि अंगात बळ एवढं आहे, की केवढाही लठ्ठ माणूस बसला तरी मी हूं की चूं करत नाही.

माझा जन्म दूर देशातल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं आणि माझा गोल पाय तयार झाला. त्या पायावर कारखान्याचं नाव, रस्ता आणि गाव अशी उठावदार अक्षरं आहेत. तो कारखाना कधीच बंद पडला. पण माझा कायमचा पत्ता अजून माझ्या पायावर आहे, तो कोणी खोडू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे एका भल्या माणसाला याच एका गोष्टीवाचून फार हाल सोसावे लागले.

मला विकत घेतलं ते म्हाताऱ्या मालकांनी. तेव्हा ते म्हातारे नव्हते. खोक्यातून मला बाहेर काढल्यावर त्यांनी स्वतः बसून पाहिलं, दांडा ओढून पाठ मागे पाडली, पुन्हा वर केली आणि म्हणाले, "वा! राणी आहे राणी!" मी किती फुगले होते म्हणून सांगू! त्या दिवसांत लोक केस कमी वाढलेले असले तरी माझ्यावर बसायला यायचे. लहान मुलांसाठी माझ्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकत. फळीवर बसलं की मूल आरशात दिसे आणि मालकांची पाठ वाकत नसे. कोणी रडे, कोणी हसे, एकाने तर माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. तो व्रण अजून आहे.

वर्षं गेली. मालकांचा हात थरथरायला लागला. वस्तरा धरणारा हात थरथरला, की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दुकान ओस पडू लागलं. माझ्या चामड्याला भेगा गेल्या, दांडा कुरकुरू लागला. कित्येकदा दिवसभरात माझ्यावर फक्त ऊन येऊन बसे.

अशात एके दिवशी तो आला. परदेशातून आलेला, हातात एकच पिशवी, पण पिशवीत कात्र्या मात्र अशा, की मालकांनी एक उचलून नुसती उघडझाप करून पाहिली आणि त्याला ठेवून घेतलं. सगळे त्याला कारागीर म्हणू लागले. मीही तेच म्हणते.

कारागिराने आधी माझा दांडा दुरुस्त केला, तेल घातलं, चामड्याला मेण चोळलं. हात फिरवता फिरवता म्हणाला, "तूपण बाहेरूनच आलीस होय गं?" त्याने माझ्या पायावरचा पत्ता वाचला होता. एवढ्या वर्षांत तो वाचणारा पहिला तोच.

राहायला त्याला धड जागा नव्हती. कधी चार जणांच्या खोलीत एक पथारी, कधी ओळखीच्या ओळखीने आठवडाभर. शेवटी मालक म्हणाले, "कशाला वणवण करतोस? दुकानातच झोप. दुकानाला राखणही होईल. पण माझी एक अट आहे. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आरशात बघेल, तेव्हा त्याला त्याचंच तोंड दिसलं पाहिजे. आपला संसार दिसता कामा नये."

मालक लेकीकडे राहायला गेले आणि दुकान कारागिरावर सोपवलं. पण ती अट त्याने अशी पाळली, की मालकांनीही पाळली नसती. रोज दुकान बंद झालं, की तो माझी पाठ पार आडवी करी, पायांशी स्टूल ओढी आणि माझ्यावर झोपे. दिवसभर कात्री धरून त्याचा उजवा खांदा ठणकत असे, म्हणून तो नेहमी डाव्या कुशीवर वळे. सकाळ झाली, की त्याचं आवरणं सुरू. माझी गादी उचलली, की खाली एक पोकळ कप्पा आहे. पूर्वी त्यात टॉवेल असत. त्यात तो उशी, चादर, ताट, वाटी आणि बायको-लेकीचा फोटो ठेवी. दात घासायचा ब्रशसुद्धा बाहेर राहत नसे. मग झाडू, मग ओलं फडकं, मग आरसा. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत तो माणूस त्या दुकानातून स्वतःला पुसून टाकी.

आणि मी? मित्रांनो, खरं सांगते, मला एकच दुःख होतं. रोज डाव्या कुशीवर झोपल्यामुळे माझी गादी त्या बाजूला बसत चालली होती. मी एके काळची राणी, आणि आता एका बाजूला कललेली! मला वाटे, एकदा नवं चामडं मिळावं. त्याच्या झोपेचा मला राग नव्हता, पण त्या खळग्याची लाज वाटे.

बायको-लेकीला इकडे यायची परवानगी मिळाली, तो दिवस मला आठवतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो फोन आरशाच्या फळीला टेकवून ठेवी आणि माझ्या हातावर रेलून बायकोशी बोले. त्या दिवशी फोन लागायच्या आतच तो बोलू लागला.

"अगं, खोलीपण बघून ठेवलीय," तो म्हणाला. "समोरच. बेकरीच्या वर. खिडकीतून दुकान दिसतं."

"मग घेऊन टाका की," बायको म्हणाली.

"घेतली असती. पण खोलीवाल्या बाई म्हणतात, भाडं दर महिन्याला बँकेतूनच हवं. रोख नको. आणि माझं इथे खातंच नाही."

"मग खातं उघडा."

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला. मी काही बरोबर गेले नाही, मला उचलायला चार माणसं लागतात. पण परत येऊन त्याने बायकोला फोनवर जे सांगितलं, ते मी ऐकलं. काउंटरवरची बाई बोलायला गोड होती. सगळे कागद पाहिले, पासपोर्ट पाहिला आणि विचारलं, "कायमचा पत्ता?" तो म्हणाला, "खोली घेतो आहे, ती मिळाली की देतो." ती म्हणाली, "पत्ता दिलात की खातं देतो." तो म्हणाला, "खातं दिलंत की पत्ता देतो."

"म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही!" बायको फोनवर हसली. मग हसू थांबवून हळूच म्हणाली, "अहो, पण आता?"

"आता काय? ती बाई म्हणाली, दुकानात खरंच राहत असाल तर दुकानाचा पत्ता चालेल. त्यांचा माणूस बघून जाईल."

"मग झालंच तर! तुम्ही तिथेच तर राहता."

त्या दिवसापासून त्याच्या हाताला वेगळाच उत्साह आला. मुलांची ती जुनी फळी त्याने माळ्यावरून काढली, तासली आणि तिच्यावर मऊ कापड ठोकलं. लेकीला तो माझ्यावर बसवून तिचे केस कापणार होता. तो इकडे आला तेव्हा ती दाराच्या कडीलाही पुरत नव्हती, आणि त्याच्या मनात ती अजून तेवढीच होती.

मग एक दिवस एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ दाढी करायला आले. काखेत चामडी बॅग, पायांत मळके बूट. माझ्यावर बसले, चुळबुळले आणि म्हणाले, "खुर्ची तुमची डावीकडे कलते हो."

कारागीर ओशाळला. "जुनी आहे साहेब. गादीवाल्याला सांगतो."

मी तर शरमेने अर्धी झाले. साबणाचा फेस चढला, वस्तरा फिरू लागला. गृहस्थ आरशातून इकडेतिकडे पाहत होते. मग अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय कारागीर, दुकानात कोणी राहतंबिहतं का?"

कारागिराला वाटलं, यांना कसला वास आला की काय! की कुठे चादरीचं टोक दिसलं? तो चटकन म्हणाला, "छे हो साहेब! हे दुकान आहे, धर्मशाळा नाही. बघा ना, कुठे एक केस तरी दिसतोय का?"

"नाही दिसत," ते म्हणाले, आणि पैसे देऊन निघून गेले.

तुम्ही ओळखलंत ना ते कोण होते? मीही ओळखलं, कारण त्यांच्या मांडीवरच्या बॅगेत बँकेचं पाकीट डोकावत होतं. पण मला तोंड कुठे आहे? त्याच्या उशीवर, ताटावर, साऱ्या संसारावर ते साहेब बसले होते आणि मला साधं कुरकुरताही आलं नाही. दांड्याला तेल कोणी घातलं होतं? त्यानेच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काउंटरवरच्या बाईने त्याला बोलावून सांगितलं, की तिथे कोणी राहत असल्याची एकही खूण मिळाली नाही, उलट दुकानदारानेच नाही म्हणून सांगितलं. तिलाही वाईट वाटलं असावं. आमचा माणूस आणखी एकदा येईल, पण त्यानंतर माझ्या हातात काही नाही, असं ती म्हणाली. इकडे खोलीवाल्या बाईंकडे दुसरं एक कुटुंब खोली बघून गेलं होतं. महिनाअखेरपर्यंतच थांबते, म्हणाल्या.

त्या दुपारी त्याने फोन आरशाच्या फळीला टेकवला. बायकोनेच विचारलं, "काय झालं?" त्याने सांगितलं. मला वाटलं, आता ती रागावणार. पण ती म्हणाली, "अहो, एवढं कशाला आवरता? माणूस राहतो तिथे पसारा असतो. आपल्या घरी कसा असायचा? तुमचा टॉवेल नेहमी पलंगावर. मी किती ओरडायचे!"

"तो ओला टॉवेल," तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"तेच तर सांगते. उद्यापासून टॉवेल बाहेर ठेवा."

त्याने प्रयत्न केला, मित्रांनो, मनापासून केला. सकाळी टॉवेल माझ्या हातावर टाकला, ब्रश पेल्यात उभा केला, ताट आरशाच्या फळीवर ठेवलं. मग झाडू घेतला. झाडता झाडता टॉवेलची घडी झाली. आरसा पुसता पुसता ब्रश कप्प्यात गेला. जित्याची खोड ती! गिऱ्हाइकाची पहिली सावली दारात पडली, तेव्हा दुकान पुन्हा लख्ख, आणि तो कपाळाला हात लावून उभा. रोज हेच. शेवटी एक दिवस त्याने दात-ओठ खाऊन पसारा तसाच राहू दिला, तर नेमका त्याच सकाळी गादीवाला उगवला.

मागे त्या साहेबांना शब्द दिल्याप्रमाणे कारागिराने त्याला माझं चामडं बदलायला बोलावलं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो क्षण आला होता. गादीवाला तोंडाचा फटकळ माणूस. दारातूनच म्हणाला, "काय हो, दुकानात आलो की तुमच्या मोरीत?" झालं! कारागीर लाजेने लाल झाला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं कप्प्यात गेलं.

गादीवाल्याने सांडशी काढली आणि माझ्या उजव्या बाजूचे खिळे उपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. नवं चामडं त्याने आणलंच होतं, तांबूस रंगाचं. आणि तेवढ्यात दारात ते मळके बूट दिसले.

"ओळखलंत?" साहेबांनी विचारलं. "मी बँकेकडून आलोय."

कारागिराच्या हातातला झाडू खाली पडला. "तुम्ही? अहो साहेब, मी इथेच राहतो हो!"

"मागच्या वेळी तर नाही म्हणालात."

"ते मी गिऱ्हाइकाला सांगितलं, साहेब. बँकेला नाही."

साहेबांनी दुकानभर नजर फिरवली. आरसा लख्ख, फरशी लख्ख, फळीवर फणी आणि पावडर. त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. कारागिराने धावत येऊन माझी गादी उचलू पाहिली, पण अर्धे खिळे निघालेली गादी गादीवाल्याच्या मुठीत होती. "थांबा हो, फाटेल!" तो खेकसला. "आधीच ही डावी बाजू पार बसलीय. रोज कोणी झोपतं की काय हिच्यावर? बसणाऱ्याचा खळगा मधोमध पडतो. हा बघा कुठे गेलाय. इथे खांदा, इथे कंबर."

पेन कागदावरच थांबलं. साहेब पुढे आले. त्यांनी माझ्या डाव्या बाजूवरून हात फिरवला, खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश. त्या खळग्यावरून हात फिरवणारं माझ्या आयुष्यात तोवर कोणीच नव्हतं.

"कारागीर," ते म्हणाले, "झोपून दाखवा."

भर दिवसा, दोन परक्या माणसांसमोर त्याने दांडा ओढला, स्टूल घेतलं आणि तो माझ्यावर आडवा झाला. डावीकडे वळला, गुडघे पोटाशी घेतले, उजवा हात छातीवर ठेवला. किल्ली कुलपात बसावी तसा तो माझ्यात बसला. इतक्या दिवसांची काळजी, अंगात त्राण कुठलं उरायला? त्याचे डोळे मिटले. मला त्याचा श्वास लांब होताना कळला.

"उठा आता," साहेब म्हणाले. "घोरायला लागलात तर तेही लिहावं लागेल मला."

गादीवाला मोठ्याने हसला. कारागीर मात्र उठला तेव्हा रडत होता. मग त्याने कप्पा उघडून एकेक वस्तू बाहेर काढली. उशी, चादर, ताट, वाटी, ब्रश आणि फोटो. साहेबांनी फोटो हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि परत देताना विचारलं, "यांना यायचंय?" त्याने मान डोलावली. साहेबांनी कागदावर लिहिलं, सही केली आणि जाताना माझ्याकडे बोट दाखवून गादीवाल्याला म्हणाले, "ही बाजू आजच्या आज काढू नका. वरच्या साहेबांना बघायची असली तर?"

वरचं कोणी आलं नाही. आलं ते बँकेचं पाकीट, त्याच्या नावाचं, दुकानाच्या पत्त्यावर. ते वाचायला तो माझ्यावर बसला. कारागीर दिवसा कधी खुर्चीत बसत नाही, मित्रांनो. त्या दिवशी बसला, ताठ, आरशासमोर, एखाद्या गिऱ्हाइकासारखा. पाकिटावरचा पत्ता त्याने बोट ठेवून वाचला. मग वाकून माझ्या पायावरच्या अक्षरांना हात लावला आणि म्हणाला, "आता माझापण आहे हं." माझा जीव भांड्यात पडला.

खोली मिळाली. बेकरीच्या वर दिवा लागला. त्या दिवसापासून माझ्यावर कोणी झोपत नाही. दुकान बंद झालं, की तो खिडकीतून एकदा इकडे बघतो आणि पडदा ओढतो. माझा कप्पा रिकामा झाला, पुन्हा टॉवेल आले. मला आनंद झाला का? झाला. पण रिकामी झालेली मांडी कशी लागते, ते तुमच्या आईला विचारा.

मग त्या दोघी आल्या. लेक दारात उभी राहिली आणि कारागीर फळी हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. ती त्याच्या खांद्याला लागत होती.

"बाबा, ही कशाला?" तिने विचारलं.

"बसायला. तुला आरशात दिसावं म्हणून."

"मी काय लहान आहे आता?" ती हसली. पण बाबांचा चेहरा पाहून तिने फळी त्यांच्या हातातून घेतली, माझ्या हातांवर टाकली आणि अंग चोरून बसून दाखवलं. आरशात तिचं डोकं दिसेनासंच झालं, नुसती हनुवटी उरली. बायको दाराशी उभी राहून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. फळी माळ्यावर गेली. मग त्याने लेकीचे केस कापले, अगदी थोडेसे, पण इतका वेळ लावून, की लांबच्या प्रवासाने शिणलेली पोर माझ्यावर झोपीच गेली. त्याने हळूच माझी पाठ आडवी केली. ती झोपेतच वळली, डाव्या कुशीवर. फळी तिला लहान पडली होती, खळगा मात्र मोठा पडला. तिने त्यात अंग मुडपून घेतलं.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. तुमच्या घरीही अशी एखादी म्हातारी वस्तू असेल, कुठे कललेली, कुठे झिजलेली. तिला तेल घाला, मेण चोळा, खिळा निघाला असेल तर ठोका. नवं चामडंही खुशाल चढवा, मला त्याची हौस अजून आहे. फक्त त्याआधी तिच्यावरून एकदा सावकाश हात फिरवून पाहा. तिथे कोणीतरी राहून गेलेलं असतं.

लेक माझ्यावर झोपली होती, त्याच दुपारी गादीवाला राहिलेलं काम पुरं करायला आला, तांबूस चामड्याची गुंडाळी घेऊन. कारागिराने ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच थांबवलं. कापलेले केस माझ्या पायाशी, त्या ओतीव अक्षरांवर पडले होते. झाडूचा आवाज झाला असता, म्हणून त्याने ते झाडले नाहीत. दिवेलागणीपर्यंत तो पसारा तसाच पडून होता.